कोळंबद्याचं उत्तर

धुळ्याच्या बसस्टँडवर अनोळखी माणसाला गाडी विचारली तर तो गाडी सांगतो, आणि वर "ती कधीच गेली" हेही आनंदानं सांगतो. पण त्याच माणसाला "तुम्हाला कोणतं गाणं आवडतं?" असं विचारून बघा. तो आधी मागे वळून पाहतो, दुसऱ्या कुणाला विचारलं असेल म्हणून. मग पिशवी या हातातून त्या हातात घेतो आणि म्हणतो, "आम्हाला कसलं गाणं न बिणं, आम्ही शेतीवाले." जणू गाणं आवडणं हा एखादा आजार आहे आणि आपल्या घराण्यात तो कुणालाच नाही.

मिसबाह शेखनं हे उत्तर पहिल्या दोन महिन्यांत इतक्या वेळा ऐकलं की झोपेतही तिला ते पाठ म्हणता आलं असतं. मिसबाह म्हणजे अन्वरभाई मशीनवाल्यांची धाकटी. जुन्या धुळ्यात अन्वरभाईंचं लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचं दुकान आहे, आणि आपल्याकडे अॅम्प्लिफायरला सगळे 'मशीन' म्हणतात म्हणून ते मशीनवाले. मुलीनं देवपूरच्या कॉलेजात मराठीत एम.ए. केलं तेव्हा मोहल्ल्यात बऱ्याच भुवया वर गेल्या. "मराठी घेऊन काय करणार पोरगी?" असं विचारणाऱ्याला अन्वरभाई सांगायचे, "बोलेल. आपल्या मोहल्ल्यात बोलणारे कमी आहेत का, पण ऐकून मग बोलणारी एकच आहे." मुलगी पहिली आली होती आणि बापाला ते दहा लोकांना सांगितल्याशिवाय चहा गोड लागत नव्हता.

दुपारी ती एका खासगी क्लासमध्ये शिकवायची आणि सकाळी बापाचा जुना माइक घेऊन स्टँडवर उभी राहायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला गाण्याबद्दल विचारायचं, तो जे बोलेल, गाईल ते फोनवर भरून घ्यायचं आणि आपल्या चॅनेलवर टाकायचं. चॅनेलचं नाव 'स्टँडवरचं गाणं'. पहिले व्हिडिओ पाहिले ते मिसबाहनं, तिच्या आईनं आणि अन्वरभाईंनी, आणि अन्वरभाईंनी तर एकेक चारदा पाहिला.

पहिला धडा बापानंच दिला. "माइक तोंडासमोर धरतेस ना, म्हणून सगळे सरपंचासारखे बोलतात. छातीशी धर, खाली. माणसाला माइक दिसला नाही की तो माणूस राहतो." तिनं माइक खाली घेतला आणि लोक खरंच सैल झाले. दुसरा धडा तिला एका कंटाळलेल्या सकाळी सापडला. साक्रीकडचे एक आजोबा बाकावर बसले होते. आवडतं गाणं विचारायचा तिला स्वतःलाच वीट आला होता, म्हणून तिनं सहज विचारलं, "बाबा, तुमच्या घरात कोण गातं?" "मन्ही माय गाये," आजोबा म्हणाले, आणि चाळीस वर्षांपूर्वी गेलेल्या आईची ओवी डोळे मिटून म्हणाले. त्यांची गाडी लागली आणि सुटलीसुद्धा, आजोबांना पत्ता नव्हता. पुढची गाडी दीड तासानं होती आणि तो दीड तास मिसबाह त्यांच्याशेजारी बसून राहिली, कारण गाडी तिच्यामुळे चुकली होती.

त्या दिवसापासून तिनं स्वतःबद्दल विचारणं सोडून दिलं. स्वतःच्या आवडीची माणसाला लाज वाटते, पण आईच्या, सासूच्या, मामाच्या गळ्याचा अभिमान असतो. तो अभिमान उघडला की त्याच्या आडून माणूस स्वतःही गाऊ लागतो. बाईला नवऱ्यादेखत विचारू नये आणि बापाला पोराच्या देखत विचारू नये, हेही ती शिकली. आणि सगळ्यात उशिरा शिकली ते हे, की गाणं संपल्यावर लगेच 'वा, छान' म्हणायचं नाही. गप्प उभं राहून मनात पाच मोजायचे. खरी गोष्ट गाण्याच्या शेपटीला असते, माणूस श्वास घेतो आणि मग सांगतो. एवढं सगळं जिला कळलं होतं, तिच्याच हातून एक चूक झाली, आणि मला विचाराल तर चूक नेहमी अशाच माणसाच्या हातून होते.

मार्गशीर्ष लागला होता. दोंडाईचाच्या गाडीच्या फलाटावर साठीची एक बाई बसली होती, मांडीवर चष्म्याची नवी डबी. नाव मंजुळाबाई, गाव आघारखेडे, दोंडाईचापासून पुढे आत.

"मन्हा पोऱ्यानं लगीन शे बारा दिनमा," मंजुळाबाईंनी न विचारताच सांगितलं. "पोऱ्याना लगीनमा बठ्ठं नीट दखावाले पाहिजे, म्हनीसन चष्मा कराले उनी."

"घरात कोण गातं, मावशी?"

सगळे आईचं नाव घेतात, सासूचं घेतात. मंजुळाबाई म्हणाल्या, "घरमा कोन गाई? मीच गास."

मिसबाहला असं उत्तर दीड वर्षांत कुणी दिलं नव्हतं. तिनं फोन सुरू केला. मंजुळाबाईंनी पदर सारखा केला आणि आधी बजावलं, "हाई आखाजीनं गानं शे बरं का. आम्हू नालाना या काठले, कोळंबदान्या बाया त्या काठले. आम्हू त्यासले शिव्या देतस, त्या आमले देतस."

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. खानदेशात हा लेकीबाळींचा सण. माहेरी आलेल्या पोरी झोके घेतात, गौराईची गाणी म्हणतात, आणि काही गावांत गौराई बोळवताना नाल्याच्या दोन काठांवर उभ्या राहून दोन गावच्या बाया एकमेकींचा गाण्यातून यथेच्छ उद्धार करतात. त्या दिवशी कुणी कुणाला काहीही म्हणावं. हे सगळं सांगून झाल्यावर मंजुळाबाईंनी फलाटावर खणखणीत आवाजात म्हटलं,

"कोळंबदाना पाटीलना फेटा भलता मोठा,
घरमा शे दानास्ना कोठा, तो बी कव्हयना खोटा!"

म्हणजे पाटलाचा फेटा केवढा थोरला, आणि घरातला दाण्यांचा कोठा म्हणाल तर नुसता दाखवायचा. फलाट हसला. तिकिटाच्या खिडकीतला माणूस वाकून पाहू लागला. मिसबाह शिकल्याप्रमाणे गप्प राहिली, आणि मंजुळाबाईंनी श्वास घेऊन शेपूट जोडलं. "पन त्या बी काई कमी नही. मन्ही याहीन ठगूबाई तठलीच शे. तिन्हं उत्तर आयकशी ना, तर मन्हं गानं इसरी जाशी. तिन्हापुढे मी हारेल शे. एक डाव नही, तीन डाव!" याहीन म्हणजे विहीण. मंजुळाबाईंची लेक छाया त्याच कोळंबद्याला दिलेली, नाला ओलांडला की सासर.

सगळं मिळून चार मिनिटं झाली. चार मिनिटं कोण बघतो? मिसबाहनं घरी येऊन पुढचं कापलं, मागचं कापलं, आणि मधलं चाळीस सेकंदांचं गाणं तेवढं ठेवलं. खाली लिहिलं, 'आघारखेड्याच्या मंजुळामावशी कोळंबद्याबद्दल काय म्हणतात, ऐका.' दोन दिवसांत ते दोन लाख लोकांनी ऐकलं. मिसबाह हवेत होती. तिसऱ्या दिवशी सुरतेला कामाला असलेल्या कोळंबद्याच्या पोरांनी ते गावच्या ग्रुपवर टाकलं, आणि चौथ्या दिवशी मंजुळाबाईंचा फोन आला. मिसबाह प्रत्येकाला आपला नंबर चिठ्ठीवर लिहून द्यायची, तो त्यांनी डबीत जपून ठेवला होता.

"बेटी," मंजुळाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "तू गानं ठेवं नि आखाजी कापी टाकी."

मग सगळं कळलं. व्हिडिओत मार्गशीर्षातल्या उन्हात, एसटीच्या फलाटावर, एक बाई आपल्या लेकीच्या सासऱ्याच्या फेट्यावर हसत होती. कारण कोळंबद्याचे पाटील म्हणजे छायाचे सासरेच, झुलालआबा. गाणं त्यांच्या आजोबांच्या वेळचं होतं, पण हे आता कोण कुणाला सांगणार? छायाला भावाच्या लग्नाला न्यायला मंजुळाबाईंनी पुतण्याला मुराळी म्हणून पाठवलं होतं. लेकीला माहेरी न्यायला येतो तो मुराळी. त्याला दारात पाणी दिलं की समजायचं, लेक येणार. झुलालआबांनी त्याला ओट्यावरूनच परत लावलं, पाणी न देता.

"एकच बहीन शे मन्हा पोऱ्याले," मंजुळाबाई म्हणाल्या. "तिन्हाबिगर हयद कशी लागी?"

बहिणीशिवाय भावाला हळद लागायची कशी, आणि लग्नाला आठच दिवस उरले होते. मिसबाहनं फोन ठेवला आणि आधी व्हिडिओ काढून टाकला. मग रडत दुकानात आली आणि बापाला सगळं सांगितलं. अन्वरभाई सोल्डरिंग करत होते. त्यांनी हातातलं बाजूला ठेवलं.

"काढून टाकलंस? म्हणजे आता लोक म्हणतील, खरंच वाईट होतं म्हणून काढलं. पूर्ण भरलेलं आहे का तुझ्याकडे?"

पूर्ण होतं. त्यांनी ते मोठ्या मशीनवर लावलं आणि डोळे मिटून चार मिनिटं ऐकलं. संपल्यावर म्हणाले, "बेटा, मी लग्नात भोंगे कसे लावतो?"

"दोन बाजूंना."

"एक नवरीच्या मांडवाकडे, एक नवऱ्याच्या जानवशाकडे. एकाच बाजूला लावला तर दुसरी बाजू काठ्या घेऊन येते. ही बाई दोन्ही बाजूंचं बोलली. तू एकच भोंगा लावलास."

मिसबाहनं डोळे पुसले आणि 'उद्या मी कोळंबद्याला जाते' म्हणाली. 'मी येऊ का बरोबर?' असं त्यांनी विचारलं आणि ती नको म्हणाली. चूक माझी आहे, निस्तरायलाही मलाच जाऊ दे. अन्वरभाईंनी मग आग्रह केला नाही. फक्त बॅटरीवर चालणारी लहान मशीन तिच्या हातात दिली. "फोनवर ऐकवू नको. फोन एकेकट्याच्या कानाला लागतो. ओट्यावर सगळ्यांनी मिळून ऐकलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळची दोंडाईचाची गाडी, तिथून अॅपे रिक्षा, आणि शेवटचा अर्धा कोस पायी. कोळंबदे चांगलं नांदतं गाव होतं. पाटलांचा ओटा विचारावा लागला नाही, कारण ओट्यावर झुलालआबा बसले होते आणि त्यांचा फेटा खरोखरच भलता मोठा होता. मिसबाहला त्या तशा अवस्थेतही हसू आलं आणि तिनं ते मोठ्या कष्टानं गिळलं.

"आबा, मी धुळ्याहून आले. ते गाणं मी टाकलं होतं. चूक माझी आहे, मंजुळामावशींची नाही."

आबांनी तिला खालून वर पाहिलं. "चूक शे ना तुन्ही? मंग कबूल करी टाकी ना. आते जाय घर."

झालं. माफी मागायला आलेल्या माणसाची हीच पंचाईत असते. समोरच्यानं माफी घेऊन टाकली की पुढे बोलायला काही उरत नाही. शेजारपाजारची माणसं गोळा व्हायला लागली होती. कुणी बस म्हटलं नाही, पाण्याचं तर नावच नाही. दाराच्या आत, अंधुक उजेडात, छाया उभी होती. तिचे डोळे सुजलेले होते. ओळख नसली तरी ती छायाच हे मिसबाहला कळलं.

स्टँडवर गोष्ट अडली की ती जे करायची तेच तिनं केलं. व्हिडिओबद्दल चकार शब्द काढला नाही. विचारलं, "आबा, तुमच्या घरात कोण गातं?"

"काय?"

"घरात गाणारं कोण आहे?"

आबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण नजर मात्र त्यांच्या परवानगीशिवाय दाराच्या आत गेली. "गाये पहिले," ते पुटपुटले. "आते नही गात."

मिसबाहनं लहान मशीन ओट्यावर ठेवली आणि पूर्ण रेकॉर्डिंग लावलं. आखाजीचं बजावणं आलं, नाल्याचे दोन काठ आले. फेट्याचं गाणं आलं तेव्हा दोघं-तिघं पुढे सरकले, पण आबांनी हात वर केला, कारण आवाज अजून चालू होता. "...मन्ही याहीन ठगूबाई तठलीच शे. तिन्हं उत्तर आयकशी ना, तर मन्हं गानं इसरी जाशी. तिन्हापुढे मी हारेल शे. एक डाव नही, तीन डाव!"

मशीन थांबली. मिसबाहही गप्प राहिली. हे गप्प राहणं तिला आजवर इतकं जड कधी गेलं नव्हतं. पाच मोजायचे असतात, ती पंधरापर्यंत गेली.

आतून बाजरीच्या पिठानं भरलेले हात घेऊन एक उंच, वाळकी म्हातारी बाहेर आली. आबांकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. मशीनकडे बोट करून म्हणाली, "तीन नही. चार."

"काय म्हणालात?"

"चार डाव हारेल शे ती. चौथा डाव सांगाले इसरी गयी. का मुद्दाम इसरनी, कोन जाने!"

ठगूबाई उंबऱ्यावरच बसल्या. आणि मग त्या चौथ्या डावाची हकिगत अशी काही निघाली, की पिठाचे हात तसेच वाळले. छाया आणि तिचा नवरा यांचं जमायच्याही आधीची ती गोष्ट. नाल्याला जेमतेम धार, या काठी ठगू, त्या काठी मंजुळा, दोघी आपापल्या गावच्या म्होरक्या. मंजुळानं नुकताच फेटा उडवला होता आणि कोळंबद्याच्या बाया शब्द हुडकत होत्या. तेव्हा ठगूबाईंनी एक उत्तर जागच्या जागी जुळवलं आणि आघारखेड्याचा सगळा काठ मुका झाला. "मंजुळानं हात जोडात त्या काठवरथीन," त्या म्हणाल्या. "मी म्हनं, अशी बाई याहीन पाहिजे." ते ऐकून आबांनी एकदम मान वर केली. आपल्या घरात सून कशी आली याचं हे कारण त्यांना बहुधा आजच कळत होतं.

"काय उत्तर होतं?" मिसबाहनं विचारलं.

ठगूबाईंनी घसा खाकरला. आवाज थकलेला होता, चढावर चिरकत होता, पण शब्द सुरीसारखे होते.

"आघारखेडानी बाई नथ मिरावत जाय,
दारशी उभी शेजारीन नथनी वाट पाय!"

मागून आणलेल्या नथीचं ते गाणं. ओट्याखाली जमलेल्या बायांमधून हसण्याचा असा लोंढा आला, की सुरतेच्या पोरांनी पेटवलेलं सगळं त्यात विझलं. पाठोपाठ दोघीतिघींनी ठगूबाईंची ओळ उचलली. आबा मिशीत हसले, ते कुणी पाहू नये म्हणून त्यांनी फेटा सारखा केला, आणि तो फेटा सारखा करताना पाहून बाया आणखी हसल्या.

तरी आबा ते आबा. "पन गावनी इज्जत गयी त्यानं काय?" ते म्हणाले.

"इज्जत कसानी गयी?" ठगूबाई कडाडल्या. "एक काठवरथीन दिधी ते शिवी. दोन्ही काठवरथीन दिधी ते आखाजी. आमनं उत्तर कोनी दखाडंच नही, तेनाच राग उना ना तुमले?" मग मिसबाहकडे वळून, "भर तुन्हा फोनमा. आघारखेडानं बी दखाड, आमनं बी दखाड. नि कापजो नको. मन्हा खोकला बी ऱ्हाऊ दे."

मिसबाहनं माइक छातीशी धरला आणि ठगूबाईंना पुन्हा गायला लावलं. खोकल्यासकट, हकिगतीसकट, चौथ्या डावासकट. नऊ मिनिटं झाली. त्यातलं एक सेकंदही तिनं पुढे कापलं नाही.

पण छाया अजून दारातच उभी होती, आणि लग्नाला सात दिवस राहिले होते. कुणीतरी हळूच म्हणालं, मग आता आघारखेड्याला निरोप धाडा, मुराळी पाठवा म्हणावं. आबांनी मान हलवली. राग आता नव्हता, अडचण होती. एकदा परत लावलेला मुराळी त्याच कार्याला दुसऱ्यांदा येत नाही. येणाऱ्याचाही मान जातो आणि बोलावणाऱ्याचाही. आजवर असं कधी झालं नव्हतं आणि पाटलाच्या घरून ते सुरू होणार नव्हतं. छायानं पदर तोंडाला लावला.

"मंग हाई कोन शे?" ठगूबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी मिसबाहकडे पाहिलं.

"आघारखेडानं नाव लिसन उनी. दोन घंटा व्हयनात, दारशी उभी शे. कोनी बस म्हनं नही का पानी इचारं नही. हाई मुराळी नही ते काय शे?"

"पण मी..." मिसबाह म्हणाली. मी त्यांच्या नात्यातली नाही, गावची नाही, जातीची नाही, धर्माचीसुद्धा नाही. हे सगळं तिच्या ओठांवर आलं होतं. ठगूबाईंनी ते हात झटकून उडवलं, पीठही उडालं. "नाव काय तुन्हं?"

"मिसबाह. अन्वर मशीनवाल्यांची."

गाव पाहत होतं. झुलालआबा उठले, आत गेले आणि पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन आले. तो त्यांनी सुनेच्या हाती दिला नाही, की बायकोच्या हाती दिला नाही. स्वतः दोन्ही हातांनी मिसबाहपुढे धरला. "पी बेटा," ते म्हणाले. "सकायपासून उभी शे." मिसबाह पाणी प्यायली आणि दारात छाया मोठ्यानं रडू लागली.

दुपार कलायच्या आत छायाची पिशवी भरली. नाल्याला घोट्याएवढं पाणी होतं. पुढे मुराळी, डोक्यावर लहान मशीन आणि हातात चपला, आणि मागे छाया. पलीकडच्या काठावर निरोप आधीच पोचला होता. मंजुळाबाई नवा चष्मा लावून, भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. तो त्यांनी लेकीवरून ओवाळला, मग मिसबाहवरूनही ओवाळला, आणि लांब फेकून दिला. मिसबाहनं त्यांच्या पायाशी वाकून माफी मागायला तोंड उघडलं, तर मंजुळाबाईंनी आधी विचारलं, "ठगू काय म्हने? चार का तीन?"

"चार म्हणाल्या."

"खोटारडी!" मंजुळाबाई म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

तो नऊ मिनिटांचा व्हिडिओ दोन लाखांवर कधी गेला नाही, आणि मिसबाहला त्याचं काही वाटलंही नाही. तिच्या प्रत्येक व्हिडिओखाली आता लिहिलेलं असतं, हे गाणं कोण म्हणतं, कोणत्या दिवशी म्हणतं आणि त्याला उत्तर कोण देतं. स्टँडवर ती आता एक प्रश्न जास्त विचारते. दुसऱ्या काठावर कोण आहे? काही लोक बुचकळ्यात पडतात. पण ज्याला कळतं, तो बाकावर सरकून तिला जागा करून देतो.

लग्नाला मंजुळाबाईंनी अन्वरभाईंनाही पत्रिका पाठवली. मशीन दुसऱ्या कुणाची होती, त्यांना नुसतं पाहुणे म्हणून बोलावलं होतं. तीस वर्षांत अन्वरभाई किती लग्नांना गेले असतील याची गणती नाही, पण ते मांडवाच्या मागे, वायरींच्या वेटोळ्यात. जेवण शेवटच्या पंगतीनंतर बँडवाल्यांबरोबर. कुणी हिडीसफिडीस केलं असं नव्हे, मशीनवाल्याची जागा तीच असते. त्यामुळे आघारखेड्याला पोचल्यावर ते पायाच्या सवयीनं मांडवाच्या मागेच जाऊन उभे राहिले. नवरदेवाचा मामा त्यांना शोधत आला आणि हाताला धरून पहिल्या पंगतीत घेऊन गेला.

तिथं पाटावर मिसबाह बसली होती. कपाळाला नुकतीच हळद लागलेली, मांडीवर मुराळ्याच्या मानाचा खण आणि नारळ. एका बाजूला छाया, दुसऱ्या बाजूला ठगूबाई, आणि ठगूबाई तिच्या ताटात बट्टीवर तूप ओतत होत्या, पुरे म्हटलं तरी थांबत नव्हत्या. समोरच्या रांगेत झुलालआबा. अन्वरभाईंना मुलीशेजारची जागा दिली. ते बसले, ताट आलं, वरण आलं, पण त्यांना घास घेता येईना. डोळे भरून आले होते आणि ते लपवायला इथं वायरी नव्हत्या.

वाढायला आलेल्या एकानं त्यांना ओळखलं. शिरपूरकडच्या कुठल्याशा लग्नात पाहिलं होतं. वाकून म्हणाला, "तुम्ही धुळ्याचे मशीनवाले ना?"

अन्वरभाईंनी मुलीकडे पाहिलं.

"इतर दिवशी," ते म्हणाले. "आज मी मुराळ्याचा बाप आहे."